दुपारचं वाजवणं

१

तिघी बहिणींतली ती मधली, म्हणून सगळे तिला मधलीच म्हणत. थोरलीच्या वाट्याला हुशारी आली, धाकटीच्या वाट्याला रूप, आणि घरात एक जुना पियानो होता तो कुणाच्या तरी गळ्यात मारायलाच हवा होता, तो हिच्या गळ्यात पडला. लग्नानंतर नवऱ्यानेही तेच नाव उचललं. पन्नाशी गाठली तरी ती मधलीच राहिली.

नवरा घरातच काम करायचा. मागच्या खोलीत त्याचा कारखाना होता, म्हणजे एक लांब टेबल, प्लास्टरची पिंपं, मेणाच्या वड्या आणि घासायचं मशीन. दातांचे डॉक्टर मापं पाठवत आणि हा कवळ्या बनवून देई. ‘मी लोकांना हसू विकतो,’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखा स्वतःच हसे. त्याचं मशीन दिवसभर किरकिरत असे. मधली सकाळी पुढच्या खोलीत दार लोटून सरावाला बसे, तेव्हाही ते चालूच असे. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्याच्या मशीनला तिने नावं ठेवायची नाहीत आणि तिने दार लोटलं की त्याने आत यायचं नाही, एवढ्या करारावर त्यांचा संसार बरा चालला होता.

दुपारी ती पलीकडच्या रस्त्यावरच्या संगीतशाळेत मुलांना शिकवायची. त्या वर्षी शाळेच्या चिटणिसांनी शिक्षकांच्या मैफलीत तिचं नाव घातलं, आणि काय वाजवायचं तेही तेच सांगून मोकळे झाले. जुन्या काळच्या एका युरोपीय संगीतकाराचा दोन पानी तुकडा. चहा निवायच्या आत संपतो, पण तेवढ्यात माणसाला उभं-आडवं झोडपून काढतो. डावा हात खालच्या पट्ट्यांवर सतत उसळत राहतो, उजवा वरून हाका मारत सुटतो, मग अचानक सगळं थांबतं, काही ओळी अगदी हळू, जवळजवळ कुजबुजत जातात, आणि पुन्हा वादळ फुटतं. मधलीने तो तरुणपणी बसवला होता. तिच्या गुरुजींनी तेव्हा शांतपणे ऐकून घेतलं होतं. ‘बोटं पोचली,’ ते म्हणाले होते, ‘आता तू कधी पोचतेस बघू.’ गुरुजी गेले. ती काही पोचली नव्हती. वादळ तिला जमत होतं. ती मधली कुजबुज कुणाची आणि कशासाठी, हे मात्र कळत नव्हतं.

सरावाला लागून थोडे दिवस झाले असतील. एका संध्याकाळी ती शाळेतून परतली, तर खालच्या मजल्यावरच्या सिस्टर जिन्यातच उभ्या होत्या. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या बाई, कुणाचं कौतुक सहजासहजी करणाऱ्यातल्या नव्हेत. त्या म्हणाल्या, आज काय वाजवलंत हो, माझ्या हातातलं विणकाम तसंच राहिलं.

सकाळचं म्हणताय ना, असं मधलीने विचारलं.

सकाळचं तर रोजचंच आहे, सिस्टर म्हणाल्या. आत्ता दुपारचं.

मधली हसली आणि वर निघून गेली. निवृत्त माणसाची सकाळ-दुपार एकच, असं तिने मनाशी म्हटलं. स्तुती कुणाला नकोशी असते?

२

त्याच आठवड्यात एकदा जेवताना नवरा म्हणाला, की आज त्याने मशीन बंद करून ऐकलं.

मधलीचा घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांत त्याने तिच्यासाठी मशीन बंद केल्याचं तिला आठवत नव्हतं. कधी, असं तिने विचारलं. दुपारी, तो म्हणाला. मधे ती जी शांत जागा येते ना, तिथे त्याला वाटलं की कुणीतरी दाराशी येऊन उभं आहे आणि त्याला आत ये म्हणायला कुणी तयार नाही. त्याच्या अंगावर काटा आला होता. बाही वर करून त्याने हात दाखवला, जणू काटा अजून तिथेच होता.

‘मी दुपारी शाळेत असते,’ मधली म्हणाली.

‘मधल्या सुट्टीत येतेस की. मी काय बहिरा आहे?’

‘येत नाही मी.’

‘बरं, नाही येत.’ तो हसला. गुपित उघडं पडल्यावर लाजणाऱ्या माणसाला सोडून द्यावं, तसा. मग म्हणाला, ‘पण खरं सांगू? दुपारी तू वेगळीच असतेस गं. सकाळी नुसती घासत असतेस, माझ्यासारखी. दुपारी वाजवतेस.’

तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं. पण तो तिच्याकडे बघत होता. ताटावरून नजर उचलून, नीट, लग्नाच्या नव्यानवलाईत बघायचा तसा. मधलीने मान खाली घातली आणि ती स्तुती चोरीच्या मालासारखी गपकन पदरात घेतली.

३

रात्रभर तिने डोकं चालवलं. कुणीतरी रेडिओ लावत असेल. पण रेडिओ रोज त्याच वेळी तोच तुकडा कशाला लावेल? घराची किल्ली दोघांखेरीज कुणाकडे नव्हती. नवरा चेष्टा करत असेल म्हणावं, तर त्याची चेष्टा फार तर कवळीपर्यंत जाई. आणि सिस्टरांचं काय? त्या तर चेष्टा करण्याच्या वाटेलाही गेल्या नव्हत्या.

शेवटी तिने सर्दीचं निमित्त सांगून शाळेतून सुट्टी घेतली आणि दुपारी घरी राहिली. काहीच झालं नाही. पियानो झाकण मिटून गप्प होता. मागच्या खोलीत मशीन चालू होतं. थोड्या वेळाने नवरा दारापर्यंत आला आणि आज वाजवणार नाहीस का, असं विचारून गेला. त्याच्या आवाजात लहान मुलासारखी आशा होती.

मग ती बसली. दार लोटलं, बाक पुढे घेतला आणि वाजवायला लागली. पहिल्या ओळीलाच मागचं मशीन बंद झालं. घरात अशी शांतता पसरली, की तिला स्वतःच्या नखांचा पट्ट्यांवरचा आवाज ऐकू येऊ लागला. कुणीतरी आपल्यासाठी काम टाकून बसलंय, कान देऊन ऐकतंय, या जाणिवेने तिच्या छातीत काहीतरी उमललं. तिने जीव ओतला. वादळ वाजवलं, कुजबुज वाजवली. कुजबुज संपून पुन्हा वादळ सुरू होत होतं, एवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला.

किर्रर्र.

मशीन पुन्हा चालू झालं होतं.

तिने तुकडा पूर्ण केला. न करून करते काय?  पण त्या दिवसापासून तिला भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी लागलं. रस्त्याने जाताना, मुलांची बोटं पट्ट्यांवर ठेवून देताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राही. घरात दुसरी कोणी येते, आपल्या बाकावर बसते, आपला तुकडा वाजवते, आणि आपला नवरा तिचं ऐकायला काम सोडतो. लोकांच्या सवती निदान दुसऱ्या घरच्या असतात, त्यांना नाव-गाव असतं, शिव्या द्यायला तोंड असतं. हिला काय म्हणायचं?

४

मग ती खरोखरच मधल्या सुट्टीत घरी यायला लागली.

पहिल्या दिवशी जिन्याच्या पहिल्या वळणावरच तिला ऐकू आलं, आणि ती कठड्याला धरून उभी राहिली. हा पियानो आपलाच, याबद्दल शंका नव्हती. वरचा एक सूर जरा फाटका होता, तो कुठेही ओळखला असता. पण पियानो असा वाजू शकतो, हे तिला माहीत नव्हतं. डावा हात आपटत नव्हता. तो दाबून धरलेला होता. मोठ्याने रडू नये म्हणून माणूस ओठ दाबतो, तसा. वादळ बाहेरचं नव्हतंच. ते कुणाच्या तरी आत होतं, आणि ते माणूस ते घरच्यांपासून लपवायची पराकाष्ठा करत होतं.

आणि मग तिला ते ऐकू आलं. वादळाच्या ऐन भरात एक रुंद झेप आहे. मधलीची करंगळी आखूड, म्हणून तिथे तिचा हात नेहमी केसभर उशिरा पडे. गुरुजींनी ते दुखणं घालवायला जंग जंग पछाडलं होतं. वर जे कोण वाजवत होतं, त्याचा हातही तिथे केसभर उशिरा पडला. फक्त ती चूक वाटली नाही. सांगू की नको, असं घुटमळून मग सांगून टाकल्यासारखं वाटलं. तेवढ्या घुटमळण्याने सगळ्या तुकड्याला अर्थ आला.

म्हणजे हात तिचाच होता. तिची करंगळी, तिचं व्यंग. आणि त्या व्यंगाचं तिला जन्मात जे करता आलं नव्हतं, ते ही कोण कुठली करून मोकळी झाली होती.

ती धावत वर गेली आणि दार उघडलं. आवाज तुटला. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. झाकण उघडं होतं. तिने बाकावर तळवा ठेवला. बाक गरम होता.

‘थांबलीस का?’ मागच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं. मशीन बंद होतं.

५

मैफलीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. त्या दुपारी मधली जिना चढली ती चपला हातात घेऊन. दारापाशी ती थांबली. आत पहिलं वादळ चालू होतं. त्यातली सगळ्यात मोठी ओळ यायची तिने वाट पाहिली आणि तिच्या गडगडाटात किल्ली फिरवली.

पुढच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पियानो दारामागच्या भिंतीला लावलेला, त्यामुळे बाहेरून पट्ट्यांचं फक्त उजवं टोक दिसे. वाजवणारं माणूस दाराआड. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि त्या टोकाकडे बघत राहिली.

सूर वर चढायला लागले, तसा एक हात दाराआडून पुढे आला.

उजवा हात. मनगटापर्यंत राखाडी स्वेटरची बाही, बाहीच्या काठाला जाड निळ्या दोऱ्याने घातलेले टाके. राखाडी दोरा घरात नव्हता म्हणून हे टाके मधलीने स्वतःच घातले होते. तिने आपल्या मनगटाकडे पाहिलं. निळे टाके तिथेही होते. सूर खाली उतरले, हात दाराआड गेला. पुन्हा चढले, पुन्हा पुढे आला. आखूड करंगळी पट्टीकडे झेपावली, घुटमळली आणि पडली.

पळून जावं, असं तिला वाटलं का? नाही. तिला वाटलं, की कारखान्यात तो डोळे मिटून बसला असेल. त्याच्या अंगावर काटा आला असेल.

तिने दाराच्या कडेवरून हात आत घातला, पियानोचं झाकण पकडलं, आणि सगळा जोर लावून खाली आपटलं.

लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. मधे काहीतरी होतं.

कुणी ओरडलं नाही. फक्त श्वास आत ओढल्याचा आवाज झाला, आणि त्यामागे साऱ्या तारांचा एक लांब, घोगरा नाद. मधलीने आपला हात मागे घेतला आणि तशीच अनवाणी जिना उतरली. शाळेत जाऊन तिने उरलेला तास घेतला. मधूनमधून ती उजव्या हाताची बोटं मिटून-उघडून पाहत होती. एकही दुखत नव्हतं.

६

संध्याकाळी तिने बेल वाजवायच्या आत नवऱ्याने दार उघडलं. घरात मलमाचा वास होता.

अशा हाताने बाहेर कशाला गेलीस, असं म्हणत त्याने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. तिला खुर्चीत बसवलं, चहा आणून दिला, तोही डाव्या हाताच्या बाजूला ठेवला. मग तो समोर बसला आणि तिचा उजवा हात त्याने हलकेच आपल्या मांडीवर घेतला.

‘बँडेज का काढलंस?’

 त्याने बोटं एकेक करून पाहिली. हात पालथा केला, उताणा केला. त्याच्या बोटांवरचं प्लास्टर तिच्या कातडीला लागत होतं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तो बदल मधलीने सगळा, अगदी जवळून पाहिला.

‘दुखतंय?’ त्याने अखेर विचारलं. कुणाबद्दल, ते कळलं नाही.

‘नाही.’

‘नाही,’ तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने हात सोडून दिला. तो खिडकीकडे वळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘मान खाली घालून रडत होती. मला वाटलं, तूच.’

खरं तर इथे तिचं रक्त गोठायला हवं होतं. पण आधी जे तिच्या तोंडून बाहेर पडलं, ते वेगळंच होतं.

‘जवळ घेतलंत?’

 त्याने उठून कप उचलले आणि तो आत गेला.

७

त्यानंतर त्या दोघांत या विषयावर एक अक्षर निघालं नाही. बाकी बोलणं चालू होतं. दूध आणायचं आहे, अमक्याची कवळी आज न्यायला येतील, तुझी छत्री कुठे. दुपारचं वाजवणं बंद झालं होतं. सिस्टरांनी जिन्यात तिला अडवून बोटांची सूज उतरली का विचारलं, तुमचे साहेब बँडेजसाठी गॉझ मागून नेतात म्हणून सांगितलं. मग त्यांची नजर मधलीच्या उजव्या हातावर गेली. त्या हातात सामानाने भरलेली जड पिशवी होती. सिस्टर बघत राहिल्या, आत गेल्या, आणि त्यांच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला. पुढे मधलीची पावलं जिन्यावर वाजली की ते दार उघडेना.

शाळेतून आल्यावर तिला स्वयंपाकघरात दोन कप धुऊन पालथे घातलेले दिसत. दोनच, स्वच्छ, शेजारी शेजारी.

एका दुपारी ती पुन्हा घरी राहिली. नवरा मागच्या खोलीत काहीच काम न करता बसून होता. ती दाराशी गेली तेव्हा त्याने वर पाहिलं. उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्याकडे माणूस बघतो, तशी ती नजर होती. रागाची नव्हे, अगदी सभ्य.

तो दात पोचवायला बाहेर गेला असताना एकदा ती त्याच्या टेबलापाशी उभी राहिली. कवळ्यांच्या साच्यांच्या रांगेत, ओल्या फडक्याखाली, एक निराळीच वस्तू होती. दोन बोटं सरळ धरून ठेवायला केलेली प्लास्टरची खोळ. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. कडा त्याने इतक्या निगुतीने घासल्या होत्या, की कुठे म्हणून टोचू नये. एवढं सुंदर काम त्याने कुठल्या गिऱ्हाइकासाठी केलेलं तिने पाहिलं नव्हतं. आतल्या बाजूला बोटांच्या पेरांच्या रेषा उमटल्या होत्या.

मधलीने आपली दोन बोटं आत घातली. ती म्यानात तलवार जावी तशी बसली. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे त्याच्या संसारात राहून तिलाही ठाऊक झालं होतं. हे तर केव्हाच घट्ट झालेलं होतं. तरी आतून ऊब होती.

तिच्या मनात आलं की हे जमिनीवर फेकावं आणि टाचेखाली चिरडावं. मग तिला आठवलं की एकदा चिरडून झालंय. तिने खोळ होती तिथे ठेवली आणि वर फडकं नीट पसरलं.

८

मैफल रविवारी दुपारी होती. पहिल्या रांगेत नवऱ्यासाठी खुर्ची राखली होती. एक कवळी तातडीची आहे, ती आटपून येतो, असं तो सकाळी म्हणाला होता. मधली मंचावर आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. ती वाजवून उठली तेव्हाही रिकामीच होती.

तिने उत्तम वाजवलं. करंगळीची झेपसुद्धा वेळेवर पडली, आयुष्यात पहिल्यांदा. टाळ्या झाल्या. चिटणीस फुलांचा गुच्छ घेऊन आले आणि म्हणाले, बाई, शोधूनही चूक सापडली नाही. तिने मान तुकवली. लोक चहाकडे वळले होते, कुणाच्या तरी मुलाच्या परीक्षेबद्दल बोलत होते. कुणाच्या अंगावर काटा आलेला दिसला नाही.

चहाला न थांबता ती घरी निघाली. ऊन अजून उतरायचं होतं.

जिन्यात तिला डावा हात ऐकू आला.

फक्त डावा. उसळणारा, दाबून धरलेला, सोबतीशिवाय चाललेला. जिथे वरून हाका यायच्या तिथे जागा मोकळी सोडत होता, वाट पाहत होता, आणि कुणी येत नाही म्हटल्यावर पुढे जात होता. मधलीने बरोबर वाजवलेल्या तुकड्यापेक्षा हा अर्धा तुकडा जास्त पुरा होता. जिन्यातच तिला रडू फुटलं, आणि ते दुःखाचं आहे की जळफळाटाचं, हे तिचं तिला सांगता आलं नसतं. तिने दार उघडलं. या वेळी आवाज तुटला नाही.

नवरा पुढच्या खोलीत होता, खिडकीजवळच्या खुर्चीत. बाहेरचे कपडे घातलेले, बूटसुद्धा. निघाला असेल, आणि मग थांबला असेल. त्याने मधलीकडे पाहिलं, आणि पुन्हा पियानोकडे पाहिलं. ये म्हणाला नाही, जाही म्हणाला नाही.

ती आत गेली ती भिंतीकडे तोंड करून. डावीकडे बघायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. डोळ्यांच्या कडेला काहीतरी राखाडी होतं, ते तिने कडेलाच राहू दिलं. बाकाची उजवी अर्धी बाजू रिकामी होती. तिने गुच्छ जमिनीवर ठेवला आणि ती बसली. बाक दोघींच्या वजनाने कुरकुरला.

तिने उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, आणि पुढच्या मोकळ्या जागेत पहिली हाक घातली.

डाव्या हाताने ती घेतली. इतकी वर्षं मधलीने उजवा हात वादळाच्या वरून वाजवला होता, त्याला हरवायला. आता तिला कळलं की हा सूर वादळाशी भांडत नाही. जाऊ नकोस, असं तो त्याला म्हणतोय, आणि म्हणताना स्वतःची लाज वाटून घेतोय. मग शांत जागा आली. दाराशी कुणीतरी उभं होतं आणि आत ये म्हणायला कुणी तयार नव्हतं. ते दाराशी उभं असलेलं माणूस कोण, हेही तिला कळलं. तिच्या मांडीला कसलं तरी खरखरीत टोक लागत होतं. गॉझची दुमडलेली कड असावी. मांडीवर ठेवलेला, जपलेला हात. श्वास ऐकू येत होता, तिच्याच लयीतला, जरा आधी घेतलेला.

वादळ परतलं. दोन्ही हात एका माणसाचे असावेत तसे चालले. पियानोच्या काळ्या, चकाकत्या फळीत तिला तिचा चेहरा दिसत होता, आणि त्याच्या शेजारी दुसरा असणार होता. तिने डोळे पट्ट्यांवर खिळवून ठेवले. तरी शेवटच्या ओळीआधी एकदा नजर निसटलीच. त्या फळीत दुसरा चेहरा तिच्याकडे वळलेला होता. त्यावर राग नव्हता. शिकवणारं माणूस शिकणाऱ्याच्या बोटांकडे बघतं, तसा तो बघत होता, आणि होता मधलीचाच, पण तिच्या तोंडावर असं समाधान कधी कुणी पाहिलेलं नव्हतं.

शेवटचे सूर पडले. तिने पेडल धरून ठेवलं. ते पूर्ण विरेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही.

मग खुर्ची मागे सरकली. बुटांचा आवाज बाकाच्या मागे येऊन थांबला. मधली ताठ बसली. त्याचा हात खांद्यावर पडेल, याची तिची पाठ वाट पाहत होती. हात पडला. लोकरीवर तळवा फिरल्याचा आवाज तिने स्पष्ट ऐकला, डावीकडून, अगदी जवळून. तिचा खांदा तसाच राहिला.

‘पुन्हा एकदा घे,’ नवरा त्या बाजूला वाकून म्हणाला. हा आवाज मधलीने पूर्वी केव्हातरी ऐकला होता, लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांत. ‘पण जरा सावकाश. ती नवीन आहे, तिला सांभाळून घे.’

डावा हात पुन्हा सुरू झाला, मघापेक्षा हळू. आणि आपली हाक चुकू नये म्हणून मधलीने घाईघाईने डोळे पुसले आणि हात उचलून तयार धरला.